विचारलं तर डोक्यात शिरतं म्हणे

“अटॅक आला त्याला,” आबा म्हणाले. “तेवढं लिवा आन् चहा घ्या.”

चहा मी घेतला. लिहिलं काहीच नाही. आबांच्या मुलानं आत्महत्या केली हे अख्ख्या मांडवगण फराटा गावाला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे आबांनाही माहीत होतं.

मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर. आमच्या रिसर्चला ‘सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी’ म्हणतात. नाव ऐकून लोक दचकतात, पण चिरफाड वगैरे काही नाही. गेलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, ते घरच्यांशी बोलून समजून घ्यायचं. कारण कधी एकच नसतं. आणि एक जण असा गेला की मागं राहिलेल्यांनाही धोका असतो. म्हणून शेवटी त्यांनाही विचारायचं, “तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का?”

पण विचारायचं कसं? आबांची सून, गेलेल्याची बायको सुरेखा आतल्या दारात उभी, ओसरीवर सगळी भावकी. मी तिला विचारावं आणि उत्तर चुलतसासऱ्यांनी द्यावं.

“सुरेखा, झोप लागते का?”

“लागती की!” चुलतसासरे.

अहो, तिच्या झोपेवर तुम्ही पहारा देता का? हे मनात म्हटलं. तरी शेवटचा प्रश्न रेटून विचारायला घेतला, तर आबा ताडकन उठले.

“मॅडम, असलं इचारून तिच्या डोक्यात नसतं भरवताय व्हय? झाला ना चहा? या आता.”

बाहेर येऊन आमच्या रिसर्चच्या सरांना फोन केला. “सर, हाकललं मला.”

“सुनेला विचारलंस?”

“भावकी बसली होती, सर!”

“मग भावकी नसेल तिथं गाठ. विचारल्याशिवाय येऊ नकोस.”

एसीत बसून सांगायला काय जातंय! पण सरांचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

त्यांच्या वावरात शेवंतीचा तोडा चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुरेखाच्या शेजारच्या सरीत जाऊन फुलं तोडायला लागले.

“अवं ताई, कळ्याबी तोडताय तुम्ही,” म्हणत ती पहिल्यांदा हसली.

हात कामात असले की बोलायला बरं पडतं, एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. ती नवऱ्याचं बोलायला लागली. तो रांजणगावला कंपनीत होता. कित्येक महिने झोप नाही, जेवण तुटलेलं. “शिफ्टमुळं हाय, म्हणायचा. आमीबी म्हणलं, शिफ्टमुळंच आसंल.”

मग मी तिला सरळ तो प्रश्न विचारला. तिचे हात थांबले.

“व्हय,” ती म्हणाली. “रोज येतं मनात. पर आजवर कुणी इचारलंच न्हाई.”

आणि रडली. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू?

एरवी कुणाचं बोलणं आम्ही दुसऱ्याला सांगत नाही. पण जिवाशी गाठ असली की माणसाला एकटं सोडायचं नसतं, घरातल्या एकाला तरी सांगावंच लागतं. तिला म्हटलं, कुणाला सांगू? मला वाटलं, माहेरच्या कुणाचं नाव घेईल.

“आबांना सांगा. ते वरडतील, पर मला वाऱ्यावर सोडायचे न्हाईत.”

आबा बांधावर क्रेट रचत होते. शिव्या खायची तयारी ठेवूनच मी सांगितलं. वर म्हटलं, “विचारल्यानं डोक्यात शिरत नाही, आबा. आत असतंच, विचारलं की बाहेर पडतं.”

आबा ओरडले नाहीत. एक क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसले.

“मग मलाबी इचारा,” म्हणाले.

मी विचारलं. त्यांचंही उत्तर सुनेचंच होतं.

त्याच दिवशी दोघांना घेऊन शिरूर गाठलं, डॉक्टरांना दाखवलं. औषधं सुरू झाली, बोलणंही सुरू झालं. आता आबा सुनेला गोळीची आठवण करून देतात आणि सून आबांना. पोराचा विषय निघाला तर आबा ‘अटॅक’ म्हणत नाहीत.

मी एवढंच शिकले. अशा घरात जो आपल्यावर सगळ्यात जास्त ओरडतो, त्यालाही विचारायचं. जमलं तर त्याला आधी.