सात नंबरची फोड

आबांनी चूळ भरली. एकदा नाही, तीनदा. तांब्या संपला तेव्हा शिपायाकडून दुसरा मागवला. संशोधन केंद्राच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं बसली होती. मी दारात उभी. हातात सुरी. सुरीला पेरूचा गुलाबी गर.

पाच मिनिटांपूर्वी याच माणसानं त्याच पेरूच्या दोन फोडी जास्तीच्या मागून खाल्ल्या होत्या.

राहात्याजवळची, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी विशीतली. सकाळी आईबरोबर स्टँडवर पाटी लावून पेरू विकायचे आणि नंतर गावाबाहेरच्या फळ संशोधन केंद्रात रोजंदारीवर जायचे. संध्याकाळी कळी उघडून चिमट्यानं आतले केसर काढायचे, वर कागदाची पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशनं लावायचे. माझा हात हलका. मी बांधलेलं फूल सहसा गळायचं नाही.

केंद्रातले साहेब पुण्याहून आलेले. तरुण, हुशार, गोड बोलणारे. गिऱ्हाईक कोणता पेरू उचलतं, का उचलतं, हे आधी शोधायचं आणि मग तसा पेरू झाडावर आणायचा, असं त्यांचं संशोधन. त्यासाठी ते वही घेऊन स्टँडवर आमच्या पाटीशेजारी उकिडवे बसायचे. मी सांगायचे, ते लिहायचे. बाया देठापाशी वास घेतात. बापये अंगठ्यानं दाबतात. शिर्डीचा प्रवासी मोठा पेरू उचलतो. गावातला म्हातारा आधी बियांचं विचारतो, कारण दात. माझं सगळं शहाणपण त्यांच्या वहीत गेलं.

फुकट नाही दिलं. मी फुकट काही देत नाही.

आमच्या बौद्धवाड्यामागं, पाटाच्या कडेला, एक पेरूचं झाड होतं. आपसूक उगवलेलं, आईनं डोक्यावरून पाणी वाहून जगवलेलं. आतून गुलाबी, बिया थोड्या आणि मऊ. वास असा की एक पेरू पाटीत ठेवला की गिऱ्हाईक मागं वळायचं. साहेबांनी त्याची कलमं मागितली. मी अट घातली. लोकांना चव आवडली आणि वाण पुढं गेला, तर मूळ झाड कुणाचं, तिथं आईचं नाव लिहायचं. पूर्ण नाव. साहेब म्हणाले, "शब्द देतो."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "दे बाई. पर त्यांनी लिवलं पायजे."

तिचं नाव मतदारयादी सोडून कुठल्या कागदावर नव्हतं.

मी फांद्यांची साल गोल काढली, ओलं शेवाळ बांधलं. मुळं फुटल्यावर सगळी कलमं केंद्रात नेऊन लावली. घरी एकही ठेवलं नाही. झाड होतंच की दाराशी.

दोन वर्षांनी फळं आली. चाखणीचा दिवस ठरला. बागायतदार, त्यांच्या बायका, व्यापारी, गुरुजी, सगळ्यांना बोलावणं गेलं. आठ वाण, आठ बशा, बशांवर फक्त नंबर. आमचा सात. साहेबांनी नियम समजावला, "चाखणाऱ्याला झाडाचं नाव कळता कामा नये. नाव कळलं की जीभ बदलते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तू आतच काप. बाहेर येऊ नकोस. समजतंय ना?"

समजलं. मी चिडकी बाई, एरवी भांडले असते. त्या दिवशी नाही भांडले. म्हटलं, आधी चव जिभेवर बसू दे, मग बघू कोण काय करतंय. मी बाजारातली. माझ्या लपण्याचासुद्धा मी सौदा केला. ही चूक माझी. ती साहेबांवर ढकलता येत नाही.

बाहेरून आबांचा आवाज आला. त्यांची बाग सगळ्यात मोठी. "आरं, हे सात नंबर लई झ्याक हाय! आन अजून दोन फोडी. माझ्या बागंत असलं एक न्हाई."

"बेतानं खावा," त्यांच्या मालकीणबाई म्हणाल्या. "पेरू केंद्राचा हाय, पोट तुमचं हाय."

सगळे हसले. मीही आत हसले.

"सायेब, कुनाचं झाड हे? फोडा की नाव आता."

"चाखणी संपल्यावर सांगतो, आबा."

मला राहवलं नाही. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते बाहेर चाललं होतं आणि मी दाराआड. सुरीसकट दारात आले.

"आमचं हाय, आबा. आईनं वाढवलंय."

"तुमचं म्हंजी?"

"पाटाच्या कडंचं. बौद्धवाड्यामागचं."

"म्हारवाड्यातलं? आन कापलं कुनी?"

सगळ्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. सुरी दिसत होती.

"तरीच," मालकीणबाई म्हणाल्या. तरीच काय, ते बोलल्या नाहीत. आबांनी तांब्या उचलला. बाकीच्यांनी बशा खाली ठेवल्या. गुरुजींनी रुमाल काढून ओठ पुसले. चौथीत त्यांनी मला शिकवलं होतं.

आत साहेब टेबलाशी बसले. आबांचा कागद पुढं. सातसमोर आबांनी स्वतःच्या हातानं दहापैकी नऊ लिहिलेले. साहेबांनी त्यावर आडवी रेघ मारली. दोन लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'उग्र वास'. मग दुसरा कागद. मग तिसरा.

मी दहावी शिकलेली. मला वाचता येतं, हे ते विसरले होते.

"साहेब, जीभ खरं बोलली. कागद का खोटं बोलतोय?"

"अगं, त्यांनीच बदलायला सांगितलंय. ही माणसं उद्या आली नाहीत तर मी काम कुणाच्या शेतात करू? समजून घे."

"मग कारण तरी खरं लिहा. कापणारीची जात कळली म्हणून चूळ भरली, असं लिहा."

"असा रकाना नसतो."

मग त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. नमुने नियमाप्रमाणे कापले, निकाल माझ्यासमोर नोंदले, याखाली माझी सही हवी होती. "कर इथं. तुझं कायम कामाचं बघतो मी."

मी पेनला टोपण लावलं आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं.

"न्हाई."

"तुझ्या सहीवाचून अडत नाही."

"अडत न्हाई तर मागता कशाला?"

शिपायानं सही केली. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर माझं नाव नव्हतं. आठवड्यानं सात नंबरची रांग उपटून जाळली. बाद वाण ठेवत नाहीत.

मी म्हटलं, जाळू दे. पावसाळा लागला की पुन्हा कलमं बांधू. पण पावसाळ्याआधीच पाटाची कड साफ करायला मशीन आलं. मी त्या दिवशी नगरला बाजारात. परतले तेव्हा झाडाच्या जागी खड्डा. आई खड्ड्याशी बसलेली, पदराच्या ओट्यात हिरवे पेरू. ती रडत नव्हती. म्हणाली, "लिवलं का गं त्यांनी?"

मी तिला तोवर काही सांगितलं नव्हतं.

ओट्यातले चार पेरू पाडाला आलेले होते. त्यांचं बी पेरलं. पण पेरूचं बी आईवर जात नाही. कोणत्या फुलाचे पराग कुठून आले, कोण सांगणार? खंडानं घेतलेल्या तुकड्यात ती रोपं फळाला आली, त्यांचं बी मी आजही पेरत असते. एक गुलाबी, पण बियांनी भरलेलं. एक गोड, पण पांढरं. दर हंगामाला एकेक चाखते. ते नाही. कधी नगरच्या बाजारात अचानक तोच वास येतो. मी गाळा सोडून रांगेतल्या पाट्या हुंगत जाते. बायका शिव्या घालतात. कुठं काही नसतं.

आई गेली. तिचं नाव मृत्यूच्या दाखल्यावर लागलं.

मध्यंतरी कॉलेजची दोन पोरं फॉर्म घेऊन आली. "मावशी, गिऱ्हाईक कोणता पेरू निवडतं?" मी म्हटलं, "माझं नाव लिहिणार असाल तर बसा. आणि माझ्यासमोर लिहायचं. मी वाचून बघणार." त्यांनी सरांना विचारून येतो म्हटलं. आली नाहीत.

मी फोड कापते, पण लगेच पुढं करत नाही. आधी सांगते. मी बौद्ध, हे झाड माझं, ही फोड माझ्या हातची. मग विचारते, खायची का? जो क्षणभर अडखळतो, त्याला विकत नाही. नंतर चढा भाव देऊन मागितला, तरी नाही. सगळ्या गोष्टींचा मी सौदा करते. याचा करत नाही. तोंड गोड झाल्यावर माझं नाव कळायची संधी मी पुन्हा कुणाला देणार नाही.

माझ्या रोपांत ते झाड परत येईल की नाही, माहीत नाही. आलं, तर आईचं पूर्ण नाव कागदावर आधी उतरेल. नाही उतरलं, तर ते झाड माझ्या बांधावर माझ्याबरोबर मरेल. एक फांदीही बाहेर जाणार नाही.