तीर्थाचा हात

आमच्या यंत्रमागांच्या गावातल्या लालबागच्या चर्चमध्ये माझ्या शेजारी बसणारे काका जन्माचे कॅथलिक. पॉवरलूम दुरुस्त करता करता त्यांचे कान गेले, म्हणून त्यांचं ‘आमेन’ सगळ्यांचं झाल्यावर एकटंच, मोठ्याने येतं.

बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदा मी कम्युनियनची पवित्र भाकर हातावर घेतली, तोंडात ठेवली आणि जन्माच्या सवयीने, तीर्थ घेतल्यासारखा तोच हात डोक्यावरून फिरवला. मागच्या बाकावर खसखस पिकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा उतरलेला चेहरा पाहून काकांनी मागे वळून पाहिलं आणि सावकाश स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. “टेन्शन नको घेऊ भाऊ,” ते अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं कुजबुजले, “देवाले सब समजते.”

माझी सवय केव्हाच सुटली. काका मात्र दर रविवारी अजून हात फिरवतात.