चवीच्या रकान्यात माझं तोंड

शाळा समितीच्या अध्यक्षांनी चमचा हातात घेतला. पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चमचा कोरडाच ताटात ठेवला.

"हे तोंड कायचं झालं वं तुयं? दारूबिरू घेतं काय?"

मुलं हात धुऊन रांगेत उभी होती. दोघं-तिघं हसली. मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहत राहिले. अध्यक्षांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी चव नोंदवही ओढली. या वहीत रोज एक शिक्षक आणि एक पालक, मुलांना वाढण्याआधी घासभर खाऊन, जेवण कसं आहे ते लिहितात. मी अकरा वर्षं या शाळेत खिचडी शिजवते. अकरा वर्षं त्या रकान्यात 'चांगली' लिहिलेलं आहे. त्या दिवशी भाऊसाहेबांनी न खाताच लिहिलं : 'स्वयंपाकीण बाईच्या तोंडावर रोग आहे. मुलांना धोका.'

मी वाढायला घेतलं. गाल जळत होते.

दुसऱ्या दिवशी तीन मुलांनी घरून डबे आणले. मी मोजले. मला मोजायची सवय आहे. तांदूळ, ताटं, हजेरी, सगळं मी लिहून ठेवते. आठवड्याने डबे सात झाले. कोणाच्या घरचे, तेही लिहिलं. सातही घरं वरच्या आळीतली. मी नवीन लागले तेव्हाही याच घरांचे डबे आले होते. तेव्हा माझं तोंड साफ होतं. तेव्हा आम्ही बौद्ध, एवढंच कारण होतं आणि ते उघड बोलत होते. मग तालुक्याहून साहेब आले, विचारपूस झाली, डबे बंद झाले. आता त्यांना कागदावर लिहिता येईल असं कारण मिळालं होतं.

तोंडाचं दुखणं दोन वर्षांचं. आधी नाक आणि गाल नुसते लाल व्हायचे. मग बारीक पुटकुळ्या आल्या, आग व्हायला लागली. जो भेटेल तो उपाय सांगे आणि मी सगळे केले. लिंबू लावलं, साल निघाली. हळद-बेसन लावलं, आग वाढली. कडुनिंबाचा पाला वाटून लावला, डोळ्यांपर्यंत सूज आली. शेवटी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत तोंड असं उजळलं की शेजारणी नाव विचारू लागल्या. तीच माझी मोठी चूक. दोन महिन्यांनी ट्यूब संपली आणि तोंडावर निखारे ठेवल्यासारखं झालं.

भाऊसाहेबांनी चमचा ठेवला त्याच्या चार महिने आधी कारंज्याला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, रोझेशिया. कोणाला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. औषध दिलं आणि म्हणाल्या, तोंड कशाने पेटतं ते रोज लिहा.

लिहिणं मला सांगावं लागत नाही. वही केली, रकाने आखले. ऊन. चूल. तिखट. गरम चहा. महिन्याभरात कळायला लागलं. चहा कोमट करून प्यायला लागले. लांब दांड्याचा झारा करून घेतला आणि चुलीपासून दोन हात मागे उभी राहू लागले. शाळेत जाताना छत्री आणि सुती स्कार्फ. घरी आल्यावर माठातल्या पाण्याची ओली घडी गालांवर, घासायचं नाही. सकाळी विहारात वीस मिनिटं बसून श्वास पाहायचा. फरक पडला, वहीचं गावातही कळलं. पाचवा रकाना मी स्वतः वाढवला : राग. त्याच्यापुढे लिहिलं, 'टाळणे'.

डबे वाढले तेव्हा डॉक्टरीणबाईंकडून दाखला आणला, हा रोग लागत नाही असा. मुख्याध्यापकांनी तो न वाचताच फायलीत लावला. म्हणाले, "बाई, आता हे समितीच्या हातात हाये. सोमवारच्या मीटिंगमधी पाहू." डबे एकोणीस झाले होते.

शुक्रवारी भाऊसाहेबांच्या घरून निरोप आला. तोंडाची ती वही घेऊन ये. गोठ्याकडून ये.

मी गेले. हे लिहायला लाज वाटते, पण गेले. वाटलं, नोकरी वाचेल.

गोठ्याच्या दारात उभी राहिले. आतल्या ओसरीवर त्यांची सून बसली होती. तिने पदर बाजूला केला. तेच नाक, तेच गाल. माझ्यापेक्षा जास्त सुजलेले. हातात तीच ट्यूब. पोरगी पंचविशीची नसेल. डोळे रडून लाल.

भाऊसाहेबांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं, "तिथूनच वाच. आत येऊ नको."

मी दारातूनच मोठ्याने वाचायला लागले. ऊन, चूल, तिखट. सून मोबाइलवर टिपून घेत होती. मध्येच काकूंनी गोठ्याच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप काढला, त्यात वरून चहा ओतला, खाली ठेवला. वाफा निघत होत्या.

"पे. आन् सुनेचं कोणापाशी बोलजो नको. तिले उष्णतेचं हाये."

मी वहीवरून नजर उचलली. "काकू, एकच आजार हाये. तिले उष्णता आन् मले रोग, काहून?"

"वर तोंड करून बोलू नको. सोमवारी तुयं काय करायचं ते भाऊसाहेब पाहतीन."

सून खाली पाहत होती. माझं तोंड पेटलं होतं, आणि पहिल्यांदा मला ते झाकावंसं वाटलं नाही.

मी वही मिटली. पोरीकडे पाहून बोलले, "सूनबाई, ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा, उद्याच. मनानं लावूबी नका, मनानं बंदबी करू नका. बाकीचं मी शाळेत सांगीन. तुमच्या घरची चव पाहाची पाळी आली का या. खिचडी खा, वहीत सही करा, मंग माया बाजूले बसा. एक ओळ लपवणार नाही."

काकू म्हणाल्या, "मातली तू."

चहा तिथेच राहिला. मी पुढच्या अंगणातून, पुढच्या दाराने, रस्त्यावर आले. ओट्यावर भाऊसाहेब बसले होते. ते फक्त म्हणाले, "सांभाळून राह्य."

घरी येऊन वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. ज्या दिवशी राग टाळला, गप्प राहिले, त्या दिवशी आग सगळ्यात जास्त. चमच्याच्या दिवशी, डब्यांच्या दिवशी, दाखल्याच्या दिवशी. माझ्याच हाताने लिहिलेलं होतं आणि मी वाचत नव्हते.

आज रविवार. संध्याकाळपासून दोन माणसं घरासमोरून फेऱ्या घालून गेली. एकाने थांबून नवऱ्याला सांगितलं, उद्या बाईला ताप आला असं कळवा, बरं राहील. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही.

उद्याची यादी केली आहे. दाखल्याची दुसरी प्रत. अकरा वर्षांच्या 'चांगली'ची पानं, तारखांसह. एकोणीस डब्यांची घरं. सुनेचं नाव यादीत नाही, ते मी घेणार नाही. पातेलं मीटिंगच्या खोलीत नेईन, झारा भाऊसाहेबांसमोर ठेवीन. आधी खा, मग लिहा. मला कामावरून काढायचं असेल तर खरं कारण लिहा आणि खाली सही करा. तोंडी काही ऐकणार नाही.

रागापुढचा 'टाळणे' हा शब्द खोडला आहे.

खोलीच्या दारातच मी स्कार्फ सोडीन. तोंड लाल होईल. सगळ्यांनी ते नीट पाहावं.