सहा फुटी टँक आणि दोन शब्दांचं उत्तर

काळेंचा सकाळपासून तिसरा फोन आला तेव्हा मी मंचरला एका दातांच्या दवाखान्यात कोपरापर्यंत हात टँकमध्ये घालून उभी होते. काळे म्हणजे डिंगोऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर जे एक मोठं रिसॉर्ट झालंय, त्याचे मॅनेजर. लॉबीतल्या सहा फुटी टँकची काच घासली की दुसऱ्या दिवशी परत हिरवी होते, आता तर पाणीच हिरवं झालंय आणि मासे दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शेठ रोज विचारतात, म्हणाले.

मी विचारलं, लाईट किती तास चालू असतो?

"सकाळी सात ते रात्री अकरा. गेस्ट फोटो काढतात ना, मॅडम."

निम्मं उत्तर फोनवरच मिळालं.

मी बॉटनीची पदवीधर. गेली वीस वर्षं मंचर-नारायणगाव पट्ट्यात अ‍ॅक्वेरियमची सर्व्हिस करते. त्यातही प्लांटेड टँक हे माझं खास काम. प्लांटेड टँक म्हणजे ज्यात खऱ्या पाणवनस्पती मातीत मुळं धरून वाढतात तो. मासे त्यात पाहुणे, झाडं घरमालक. अशा टँकमध्ये उजेड, खत आणि कार्बन डायऑक्साइड या तिन्हींचा मेळ लागतो. मेळ बसला की झाडं वाढतात. एखादी गोष्ट जास्त झाली की झाडांना ती संपवता येत नाही, आणि उरलेलं शेवाळ खातं. माझ्या सगळ्या धंद्याचं शास्त्र एवढंच.

दुसऱ्या दिवशी गेले. शेठ स्वतः लॉबीत होते. त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. मी म्हटलं, लोणी. आडनाव आणि गाव एकत्र सांगितलं की आमच्या भागात पुढचं सांगावं लागत नाही. चहा आला. शेठ आणि काळेंना कपबशीत, मला कागदी ग्लासात. मी चहा प्यायले आणि टँककडे वळले. अशा गोष्टी मी लक्षात ठेवते आणि कामाला लागते.

टँक पुण्याच्या एका डिझायनरने बसवला होता. सुंदर बसवला होता. पण पश्चिमेला अख्खी काचेची भिंत, आणि दुपारी तीननंतर ऊन थेट टँकवर. त्यात सोळा तास लाईट. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर कधी चालू, कधी बंद, कारण तो कुणाच्याच कामात लिहिलेला नव्हता. टँकमधल्या लाकडावर काळे, दाढीसारखे पुंजके आलेले. आम्ही त्याला काळी दाढीच म्हणतो. शेवाळाच्या जातींत सगळ्यात चिवट. आणि तळाशी बिस्किटांचा लगदा, गेस्टच्या मुलांनी टाकलेला.

एवढं सगळं दिसत होतं तरी मला एक गोष्ट जुळत नव्हती. दर आठवड्याला निम्मं पाणी बदलतात म्हणे. मग एवढं अन्न शेवाळाला मिळतं कुठून?

पाणी बदलायचं काम हाऊसकीपिंगच्या यमुनामावशींकडे होतं. पन्नाशीच्या. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या. घरची भाताची खाचरं वर्षातले चार महिने पुरायची, बाकी आठ महिने या नोकरीवर. मी त्यांना विचारलं, पाणी कुठलं भरता?

"बोरचं. खालच्या अंगाला हाये बोर, टमाट्याच्या वावराला लागून." मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, एक सांगू? खाचरात युरिया जादा पडला ना, का असंच येतं. हिरवं हिरवं. मी कवाधरनं म्हणती, पन ह्यांना पटंना."

मी टेस्ट किट काढलं. बोरच्या पाण्यात नायट्रेट लई निघालं. नायट्रेट म्हणजे खतातला नत्र. आजूबाजूच्या शेतातलं खत झिरपून बोरमध्ये उतरत होतं. म्हणजे दर आठवड्याला टँक स्वच्छ करताना त्यात खत ओतलं जात होतं. मी बॉटनी शिकलेली, आणि हे निदान मावशींनी माझ्याआधी केलेलं होतं. मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. त्या नुसत्या हसल्या.

शेठना मी सांगितलं, दोन महिने लागतील. नव्या विंगचं उद्घाटन साधारण तेव्हाच होतं. ते तयार झाले. जाताजाता म्हणाले, काम आवडलं तर आमची आणखी दोन रिसॉर्ट आहेत. हे वाक्य मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं. ते माझ्या डोक्यात किती खोलवर बसलं होतं हे मला नंतर कळलं.

काम सुरू झालं. काचेच्या भिंतीला पडदा. लाईटला टायमर, फक्त सहा तास. कार्बन डायऑक्साइड लाईटच्या तासभर आधी चालू, लाईटबरोबर बंद. पाणी किचनच्या आरओ प्लांटचं, त्यात थोडंसंच बोरचं. काळेंनी आरओच्या पाण्याला आधी नकार दिला. मावशींनी किचनच्या लोकांशी काय बोलणं केलं माहीत नाही, पण दर सोमवारी कॅन भरून तयार असायचे. मग भराभर वाढणारी झाडं लावली. ती दिसायला साधी, पण अधाशी. शेवाळाच्या तोंडचं अन्न ती पळवतात. पाणी हिरवं होतं म्हणून टँक तीन दिवस काळ्या कापडाने पूर्ण झाकला. दुसऱ्याच दिवशी काळेंनी गेस्टला दाखवायला कापड वर केलं. मावशींनी मला फोन करून सांगितलं. मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या आठवड्यात टँक सर्वांत वाईट दिसतो. मेलेलं शेवाळ तपकिरी होतं, जुनी पानं कुजतात, मी ती कापते, मधेच टक्कल पडतं. नेमके तेव्हाच शेठ आले आणि तोंड वाकडं करून गेले. काळे माझ्यावर उखडले. मी म्हटलं, नवी पानं बघा, शेंड्याची. ती स्वच्छ आहेत. जुनी पानं सुधारत नसतात. काळेंनी बघितलं नाही. मावशी मात्र रोज बघायच्या आणि फोटो पाठवायच्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून फोटोखाली बोललेला मेसेज. आज दोन नवी पानं. आज तांबडं झाड पान मिटून बसलंय, गॅस संपला का बघा. खरंच सिलिंडर संपलेला असायचा.

सहाव्या आठवड्यात मी चाळीस श्रिंप सोडले. श्रिंप म्हणजे बोटाच्या पेराएवढी गोड्या पाण्यातली कोळंबी. दिवसभर शेवाळ खात फिरते. लाकडावरच्या काळ्या दाढीवर मी सिरिंजने मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत होते, थेंब थेंब, जागेवरच. सातव्या आठवड्यात पाणी इतकं स्वच्छ झालं, की पाठीमागच्या भिंतीवरची फ्रेम टँकमधून दिसायची. गेस्ट थांबायला लागले. मावशी ड्युटी संपली तरी दहा मिनिटं तिथं उभ्या राहायच्या.

उद्घाटनाला चार दिवस राहिले. लाकडाच्या एका टोकाला दाढीचे पाच-सहा पुंजके अजून होते. पिकून गुलाबी झालेले, म्हणजे मेलेले. श्रिंपनी दोन दिवसांत खाल्ले असते. मी काळेंना तसं सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मावशींचा फोन. एवढंच म्हणाल्या, "ताई, या. समदी मेली."

पोचले तेव्हा तळावर श्रिंप आडवे पडलेले होते. श्रिंप मेला की उकडल्यासारखा गुलाबी होतो. सगळे चाळीस गुलाबी. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मावशींनी मला बाजूला घेतलं. उरलेले पुंजके लगेच जावेत म्हणून काळेंनी पुण्याहून एक बाटली मागवली होती, आणि काल संध्याकाळी मावशींच्या समोर ती अर्धी टँकमध्ये ओतली. मावशी म्हणाल्या होत्या, ताईंना इचारा. ते म्हणाले, तू फरशी पुस. बाटली पँट्रीच्या कचऱ्यात टाकली होती. मावशींनी ती काढून, पुसून ठेवली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी लेबल वाचलं. कॉपर सल्फेट. आपल्याकडे द्राक्षाच्या बागेत ज्याला मोरचूद म्हणतात ते. तांबं शेवाळ मारतं. श्रिंपना त्याच्याही आधी मारतं. बाटली बॅगेत टाकली आणि कामाला लागले. आरओचं पाणी, फिल्टरमध्ये तांबं ओढून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन, पुन्हा पाणी. मावशी माझ्याबरोबर कॅन उचलत होत्या. दुपारपर्यंत निम्मे मासे वाचले.

तेवढ्यात शेठ आले. काळे माझ्या आधी बोलले. यमुनाने फरशीच्या बादलीनेच टँकमध्ये पाणी टाकलं, बादलीत फिनेल होतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आवाजसुद्धा चढला नाही.

मावशी म्हणाल्या, "मी न्हाई, साहेब."

शेठनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार. फिनेलने असं होतं का?"

फिनेल पडलं असतं तर वास आला असता. पाणी दुधाळ झालं असतं. पाणी काचेसारखं होतं. बाटली माझ्या बॅगेत होती, बॅग माझ्या खांद्यावर होती. काळे माझ्याकडे बघत होते. ती दोन रिसॉर्ट कुणाला द्यायची, हे शेठ त्यांनाच विचारणार होते. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मला काही सुचलं नाही, असं म्हणण्याची सोय मला नाही.

मी म्हणाले, "होऊ शकतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. फिनेलने असं होऊ शकतं. शेठनी मान हलवली. मावशींना त्याच दुपारी घरी पाठवलं. त्या माझ्यासमोरून गेल्या. मला वाटलं त्या बाटलीचं नाव घेतील. घेतलं नाही. त्यांनी हातातला ओला कपडा पिळला, टँकच्या कडेला नीट घडी करून ठेवला आणि गेल्या.

पुण्याहून नवे मासे आले. उद्घाटन झालं. टँकचं कौतुक झालं. दोन्ही रिसॉर्टचं काम मला मिळालं.

तीन आठवडे मी त्या लॉबीत सर्व्हिसला जात होते. मग एका रविवारी मावशींच्या वाडीवर गेले. मोटार जाते तिथपर्यंत नेली, पुढे चालत. त्या उन्हात नाचणी वाळवत होत्या. बसायला पोतं दिलं, चहा केला. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी थांबवलं.

"तुमी खोटं बोलला असता ना ताई, तर मी भांडली असती. तुमी खोटंबी नाय बोलल्या. मग म्या काय बोलावं?"

मी चहा संपवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेले. बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ते चिडतील, काळेंना बोलावतील, असं मनात धरून गेले होते. त्यांनी बाटली उचलून लेबलसुद्धा वाचलं नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "बाटलीचं बिल माझ्याच सहीने निघालं. पण चांगला मॅनेजर मिळत नाही, मॅडम. फरशी पुसायला बाई मिळते."

मी म्हटलं, मग मला का विचारलंत?

"कुणीतरी म्हणायला लागतं," ते म्हणाले.

मावशींना परत घेतलं नाही. त्या महिन्यातच माझी तिन्ही कामं बंद झाली. मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. मध्यंतरी त्या रस्त्याने जाताना आत डोकावले. टँक आहे. झाडं प्लास्टिकची आहेत, लाईट चोवीस तास चालू. मावशी आता डिंगोऱ्याजवळ एका रोपवाटिकेत टोमॅटोच्या रोपांचे ट्रे भरतात. मी ते काम शब्द टाकून मिळवून देणार होते. त्यांनी ते माझ्याआधीच स्वतः मिळवलं होतं. रस्त्यात भेटल्या की बोलतात. टँकविषयी मात्र एक शब्द विचारत नाहीत.

या व्यवसायात येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. तांब्याचं औषध श्रिंप असलेल्या टँकमध्ये कधी टाकू नये. आणि क्लायंटने 'असं होतं का?' विचारलं तर 'काय झालं' ते सांगावं, तेवढं आणि लगेच. दुसरी गोष्ट ऐकून लोक मान डोलावतात आणि पहिलीच लिहून घेतात.

माझ्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये आता एक रकाना जास्त आहे: मागच्या आठवड्यात पाण्यात कोणी काय टाकलं. बरेच क्लायंट तो कोरा ठेवून सही करायला बघतात. कोऱ्या रकान्याखाली मी सही घेत नाही. तेव्हापासून कामं कमी झाली आहेत.