दमेकरी जीप

ती घटना आजही आठवते, याचं श्रेय घरच्यांना. मी विसरू पाहतो आणि ते दर दसऱ्याला आठवण करून देतात.

साठच्या आसपासचं साल असेल. अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. ठाण्यात एक जुनी जीप होती आणि तिला जिवापाड जपणारा एक ड्रायव्हर शिपाई. दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी वरिष्ठ साहेबांना घेऊन आम्ही निघालो, तर अंजनगाव सुर्जीच्या रस्त्यावर जीप दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. ओढ नाही, कार्बोरेटरमधून फटफट, रेडिएटर उकळलेला. साहेब कापसाच्या बैलगाडीतून परतले. टोपीवरचा कापूस झटकत म्हणाले, "घातपात दिसतो. परवापर्यंत ड्रायव्हरच्या निलंबनाचा अहवाल पाठवा."

संध्याकाळीच खबर मिळाली. किराणा दुकानदार आमच्या हवालदाराजवळ बोलला होता, की ड्रायव्हरने चार दिवसांपूर्वी दोन शेर साखर नेली. टाकीत साखर टाकली की इंजिन बसतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. त्यात महिन्यापूर्वी मीच त्याची रजा नामंजूर केलेली. हेतू मिळाला, साधन मिळालं. मी मिशीवरून हात फिरवला आणि त्याला समोर उभं केलं.

"साखर कशाला नेलीस?"

"पोरीच्या बारशाले, साहेब. तुमच्या घरी बी पेढे पाठवले होते. तुमी खाल्ले."

खाल्ले होते. पण जबाबात असले मुद्दे मी टिपून घेत नसे.

"मग इंजिन कोणी बिघडवलं?"

"मले तेच समजून नाही राहिलं. दसऱ्याले मीच खोललं, इंजिनातली साखळी बदलली, मीच बसवलं." त्याचे डोळे भरले. "नोकरी गेली तं पोरीले काय चारू? पण साहेब, या जीपमंदी मी साखर कावून टाकीन?"

रडणाऱ्या आरोपीवर माझा विश्वास नसे. पण हा स्वतःपेक्षा जीपसाठी जास्त रडत होता. म्हणून निलंबनाच्या अहवालावर सही करण्याआधी अकोटच्या एका जिनिंग कारखान्यातले म्हातारे मिस्त्रीचाचा बोलावले.

चाचांनी टाकीच्या तळाचं पेट्रोल फडक्यातून गाळलं. साखरेचा कण नाही. मग पुढचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हँडल फिरव, धीरे."

दोन-चार फेऱ्यांत त्यांनी मान हलवली. "फौजदारसाब, झडपा उशिरा मिटून राहिल्या. घेतलेली हवा उलटी फेकते, म्हणून खोकते. साखळी चाकावर एक दात सरकून बसली, टायमिंग चुकलं." मग ड्रायव्हरला विचारलं, "साखळी काढताना दातावर खूण कशाची केली होती रे?"

"शेंदूर तेलात कालवून. लाल ठिपका पाहूनच बसवलं."

इंजिनाचं समोरचं झाकण निघालं. चाचांनी साखळीच्या दातेरी चाकाच्या खाचेत नख फिरवलं. शेंदराचा अंश निघाला, पण साखळी जुळवली होती त्याच्या शेजारच्या दातापाशी.

"शेंदूर तं इथं आहे. मग तू कोणता लाल ठिपका पाहिला?"

ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली. त्या क्षणी मला उमगलं. दसऱ्याला सगळे सुटे भाग ठाण्याच्या अंगणात पोत्यावर मांडले होते. शस्त्रपूजा आटोपून मी ताट घेऊन तिकडे वळलो आणि प्रत्येक भागाला भक्तिभावाने कुंकू लावलं. त्याचा ठिपका बारीक होता, माझा ठसठशीत.

"बोलत का नाहीस?" मी विचारलं.

"पूजेतली गोष्ट आहे, साहेब," तो पुटपुटला. "चूक माहीच लिहा."

मी तसं लिहिलं नाही. अहवालात लिहिलं: घातपात नाही, दोषी ठाण्याचा फौजदार, साधन कुंकू. साहेबांनी त्यावर फक्त 'पाहिले' असा शेरा मारला. तो कोणत्या चेहऱ्याने मारला असेल, याची कल्पना मी आजवर टाळली आहे.

हेतू शोधायची मला इतकी घाई असायची, की बिघाड पाहायचा राहून जाई. त्यानंतर कुणालाही समोर उभं करण्याआधी मी स्वतःला विचारू लागलो, बाबा रे, यातल्या कशाला तुझा हात तर लागला नाही ना?

पुढच्या दसऱ्याला मी ताट घेऊन जीपजवळ गेलो. ड्रायव्हर लेकीला कडेवर घेऊन बॉनेटसमोर आडवा उभा.

"साहेब," तो अदबीने म्हणाला, "यंदा टायराले लावा. त्याले दात नसतात."