कल्ले त्याचे, बलुतं बापाचं

मंडळी, दोन तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे.

सकाळी काष्टी गावातल्या सलूनमध्ये दाढीला गेलो होतो. माझ्या तोंडाला फेस लावलेला, तेवढ्यात माझा बालमित्र नामा कॉलेजातल्या नातवाला दंडाला धरून आत आला. पोराचे केस मानेवर रुळणारे.

"पार बारीक कर," नामा कारागिराला म्हणाला.

"आबा, केस माझे हायेत!"

"घर माझं हाय. बस गुमान."

कात्री चालली. पोरगं आरशात बघेना.

एकाहत्तर-बाहत्तर साली मी आणि नामा नगरला कॉलेजात होतो. दोघांनाही बेलबॉटम, जाड कल्ले, खांद्याला ट्रान्झिस्टर. असल्या थाटात गावी आलो, तर नामाच्या वडिलांनी त्याला पारावर न्हाव्यापुढं बसवलं. नामानं वस्तऱ्याचा हात धरला. न्हावी म्हणाला, "वर्षाचं बलुत्याचं धान्य तुझा बाप देतो. मग ऐकू कुनाचं?"

कल्ले गेले. संध्याकाळी नामा आमच्या मळ्यात ढसाढसा रडला. "माझ्या पोरांना मी असं कधी करनार न्हाई," म्हणाला होता.

आज त्याच नामानं खिशातून नोट काढून कारागिराला दिली आणि वर हसला.

"नाम्या, मळा आठवतो का रे?" एवढंच विचारायचं होतं. तोंडावरचा फेस वाळला, पण तोंड उघडलं नाही.

नामाचा राग येतोय, त्याहून जास्त माझा. तेव्हा पारावर मी गप्प राहिलो, कारण पुढचा नंबर माझा होता.

आज मला कुणाची भीती होती?