मिठाआधीचा गोळा

पाव भाजणाऱ्या बाईचं तोंड भट्टीसारखं असतं म्हणतात, एकदा तापलं की लाकडं न घालताही तापलेलंच राहतं. हे ज्याने कुणी म्हटलं, त्याचं घर थोरली आणि धाकटी या दोन जावांच्या गल्लीतच असणार. दोघींच्या बेकऱ्या समोरासमोर, मधे एक हातगाडी जाईल एवढा रस्ता. नवरे सख्खे भाऊ, दोघेही आता वर गेलेले. तिथे त्यांचं जमत असेल तर देवाची कमाल.

सासू होती तोवर भट्टी एकच होती. ती गेली आणि भावांनी वाटणी केली. परातीवरून भांडले, पाटांवरून भांडले, दाराच्या कडीवरूनसुद्धा भांडले. खमिरावरून मात्र कुणी भांडलं नाही, कारण बरणीतलं अर्धं खमीर काढलं तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पुरं होतं. दिल्याने न घटणारी तेवढी एकच वस्तू त्या घरात होती.

खमीर म्हणजे दुसरं काही नाही, कालच्या पिठाचा आंबलेला गोळा. संध्याकाळी तो नव्या पिठात घालून मळायचा, आणि मीठ पडायच्या आधी त्यातूनच उद्यासाठी एक गोळा काढून बरणीत ठेवायचा. मिठाने खमीर मंदावतं, म्हणून आधी गोळा, मग मीठ. सासूने दोन्ही सुनांच्या हातांना हे असं वळण लावलं होतं की डोळे मिटलेले असले तरी हात बरणीकडे जायचा.

थोरलीला गल्लीत कुणी थोरली म्हणत नसे. तिला म्हणत ‘बाटली’. नाव ठेवलं धाकटीने आणि ते चुकीचं होतं असं म्हणता यायचं नाही. नवरा गेल्यानंतर थोरली जी प्यायला लागली, ती भट्टी लावून तिथेच आडवी व्हायची. पाव कोळसा व्हायचे. लेक लहान होती. खोक्यावर उभी राहून परातीत हात घालायची, कोपरापर्यंत पीठ आणि नाकापर्यंत रडू. एकदा ती समोर पाव मागायला गेली, तर धाकटीने दारातून विचारलं, “का गं, आईने रिकाम्या बाटल्या नाही विकल्या आज?” आणि दार लावून घेतलं. लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती गल्लीच्या टोकाला राहायला गेली, आईच्या बेकरीत रोज कामाला येऊ लागली. पण ते दार तिच्या डोक्यात अजून लागतच होतं.

थोरलीची दारू सुटली तीही भांडणातूनच. चर्चच्या घंटेने डोकं फुटतं म्हणून ती पाद्रीबाबांशी भांडायला गेली होती. उपासना चालू होती. शेवटच्या बाकापर्यंत पोचली आणि पाय गेले, म्हणून बसली. पाद्रीबाबा काय वाचत होते ते अर्धंही तिच्या डोक्यात शिरलं नाही. एवढंच शिरलं की देव लायकी बघून देत नाही. आधी देतो, आणि दिल्यावरही विचारत नाही. तिला वाटलं, हा देव धंद्याला अगदीच कच्चा आहे. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, तेव्हाही प्यायलेलीच होती. मधे पडली, उठली, पुन्हा पडली, आणि मग कधीतरी तिच्या लक्षात आलं की हात बाटलीकडे जात नाहीये. तिने काही नवस केला नव्हता, उपास केला नव्हता. फुकटात उभी राहिली होती.

तेव्हापासून रोज भाजलेल्या पावांची एक पाटी ती चर्चच्या मागच्या पायरीवर नेऊन ठेवायची. ज्याला लागेल त्याने न्यावी. लोक म्हणत, बाटली सुधारली. थोरलीला मनातून ठाऊक होतं की यात मोठं काही नाही. उपाशी माणसाला पाव देणं सोपं. तो शिव्या देत नाही.

तर एका संध्याकाळी वारा सुटला आणि धाकटीच्या भट्टीची राख उडून थोरलीच्या मांडलेल्या पावांवर बसली. लेक कमरेला पदर खोचून रस्त्यात उतरली.

“ओ काकू! राख टाकायला जागा मिळेना का? आमचे पाव म्हणजे तुमचा उकिरडा वाटला काय?”

धाकटी मळत होती. हातांना पीठ तसंच घेऊन बाहेर आली. “झाकून ठेव की! झाकायची सवय आहे ना तुमच्या घराला. आईचं किती झाकलंस!”

“माझ्या आईचं नाव काढायचं काम नाही!”

“नाव मीच ठेवलंय, मी काढणारच.”

घसे बसेपर्यंत दोघी भांडल्या. थोरली मधे पडली नाही. खरं सांगायचं तर तिला लेकीचं थोडं कौतुकच वाटलं. धाकटी धुमसत आत गेली, रागाच्या भरात मूठभर मीठ परातीत भिरकावलं, पीठ तुडवल्यासारखं मळलं आणि ते फुगताच सगळेच्या सगळे पाव करून भट्टीत सारले. बरणी घासून पालथी घातलेली होती, ती तशीच पालथी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात चुकला. तिच्या घरात खमिराचा कणही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाजारचं यीस्ट घेऊन आली. पाव फुगले, अगदी गोबरे झाले, पण सासूच्या पावाची आंबट चव त्यांना कुठून येणार? गिऱ्हाइकांनी एक घास खाल्ला आणि रस्ता ओलांडला. नवं खमीर धरायचं तर पंधरवडा जातो, आणि त्याला जुन्याची चव यायला त्याहून जास्त. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दाराला रुळतं. धाकटीला ते कळत होतं. तिचा एकुलता मुलगा परगावी, त्याची चिठ्ठी नाही की चपाटी नाही. बेकरी बुडाली तर तिच्यापाशी चार भिंतींशिवाय काही नव्हतं.

मागायला ती आली नाही. ती आली ती बोटं मोडत. “खूश झालीस ना गं बाटले? मुद्दाम पोरीला अंगावर सोडलंस! माझं खमीर मारलंस तू!”

“मी कुठे मारलं? तूच भाजून विकलंस की,” थोरली म्हणाली. गल्ली खो खो हसली, आणि थोरलीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

लेक तर हवेत होती. दोन पराती जास्त मळल्या, तरी पाव पुरेनात. संध्याकाळी बरणीत गोळा ठेवला, तशी तिने बरणी उचलून काखेत मारली.

“ही आजपासून माझ्या घरी राहील.”

“का गं?”

“तुझा भरवसा नाही म्हणून. तुला दयेचा झटका येतो अधूनमधून.”

“त्या बाईवर? मी काय वेडी आहे?” थोरली म्हणाली, आणि तेव्हा ती अगदी मनापासून बोलत होती.

सकाळी धाकटीचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, शाळेतली आया. पाव पिशवीत भरताना समोरच्या बंद दाराकडे बघून म्हणाली, “बरं झालं बाई. देवानेच शिक्षा केली तिला.”

थोरली हो म्हणायला गेली, तोच तिच्या मनात आलं. देवाला शिक्षाच करायची असती तर त्याने सुरुवात समोरच्या दारापासून केली असती का? या दारापासून केली असती. इथे भट्टीपुढे बाई लोळत होती, पोर खोक्यावर उभी होती, तेव्हा तो कुठे गेला होता शिक्षा करायला? तो आला, आणि देऊन गेला. थोरलीला भयंकर राग आला. आयावर आला, धाकटीवर आला, आणि सगळ्यात जास्त देवावर आला. कारण आता काय करायचं ते तिला दिसत होतं, आणि ते तिला मुळीच करायचं नव्हतं. दिवसभर ती भांडी आदळत राहिली.

संध्याकाळी लेक बरणी घेऊन आली. खमीर पिठात पडलं. दोघींनी मळलं. लेकीने गोळा काढून बरणीत ठेवला, झाकण लावलं आणि मिठाच्या डब्याला हात घातला.

“थांब,” थोरली म्हणाली, आणि परातीतून दुसरा गोळा तोडला.

लेक बघतच राहिली. “तो कशाला?”

“तुला कळलंय कशाला.”

“आई, ठेव तो.”

“तुझ्या मागून दिला असता तर तुला कळलंही नसतं. पण मला चोरून द्यायचं नाही.”

“मला उपाशी परत पाठवलंय तिने! तू तेव्हा कुठे होतीस? इथेच होतीस, खाली पडलेली! आणि आता माझ्याच हातच्या पिठातलं तिला देतेस? तुझा देव तुला देऊन मोकळा झाला. मला कुणी काय दिलं?”

थोरलीने गोळा ओल्या फडक्यात घेतला. लेकीने अंगावरचा एप्रन काढून परातीवर फेकला, बरणी उचलली आणि निघून गेली. पिठात मीठ थोरलीनेच घातलं, मग रस्ता ओलांडला.

धाकटीने दार फटीएवढं उघडलं. “काय आणलंस?”

“खमीर.”

“मी भिकारीण दिसते तुला?”

“भिकारी मागतात. तू कुठे मागितलंस? तू तर शिव्या द्यायला आली होतीस.”

धाकटीने फडकं उलगडून वास घेतला. “यात काय कालवलंयस?”

“पीठ आणि पाणी.”

“खाऊन दाखव.”

थोरलीने कच्चा तुकडा तोडला, तोंडात टाकला, चावून गिळला आणि लहान पोरासारखी जीभ काढून दाखवली.

“आता गल्लीभर मिरवशील. पाद्रीबाबांना सांगशील.”

“नाही सांगणार. पण उद्या तुझा पाव खाऊन लोकांना कळेल, त्याला मी काय करू?”

“माझ्याकडून आभाराची वाट बघू नकोस, सांगून ठेवते.”

“तुझ्याकडून कशाचीही वाट बघणं मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सोडलं.”

धाकटीचा हात फडक्यावर घट्ट झाला, पण ती दारातून हलली नाही. “मग आणलंस कशाला?”

“मला दिलं तेव्हा कुणी विचारलं नाही, तुझी लायकी काय म्हणून. तुला विचारायची मला फार हौस आहे गं. अगदी जिभेवर आहे. पण विचारता येत नाही, काय करू?”

“नाटकी कुठली,” धाकटी म्हणाली आणि दार लावलं. फडकंसुद्धा परत दिलं नाही. आतून लगेच परात ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या सकाळी लेक आली नाही. थोरलीने एकटीने भट्टी पेटवली, एकटीने पाव सारले. लांब दांड्याचं फावडं एकटीला आवरेना, त्यात पहिली खेप करपली. समोर धाकटीचं दार सताड उघडं होतं आणि तोच आंबट वास रस्त्यावर येत होता. गिऱ्हाइकं आली तशी परत तिकडे वळली. धाकटी त्यांना मोठ्याने सांगत होती, “तिकडे उशीर व्हायचाच. जुनी सवय आहे ती!” थोरलीने करपलेले पाव बाजूला केले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशी एक शिवी दिली. देवाला ऐकू गेली असेल, पण त्याने तिच्या याहून वाईट ऐकलेल्या होत्या.

दुपारी ती लेकीच्या घरी गेली. लेक दारात आडवी उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

“बरणी न्यायला आलीस?”

“बोलायला आले.”

“मी त्या बाईला माफ करणार नाही. मरेपर्यंत नाही. आणि तुलाही अजून केलेलं नाही, ऐकून ठेव. तू शुद्धीवर आलीस म्हणून सगळे तुझे गोडवे गातात. मी दहा वर्षांची होते. माझे हात भाजायचे, आणि मी तुझ्या नाकापाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे का म्हणून.”

हे थोरलीने आजवर ऐकलं नव्हतं. सांगावंसं वाटेल असं तिने कधी विचारलंच नव्हतं. आपण तेव्हा आजारी होतो, दुःखात होतो, हे सगळं तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते तिथेच थांबवलं. लेक बोलत राहिली, रडली, पुन्हा बोलली. थोरली उन्हात उभी राहून ऐकत राहिली.

“तुला माझ्याकडून मिळायला हवं होतं ते मिळालं नाही,” शेवटी ती म्हणाली. “मग तू दुसऱ्याला कुठून देशील? तू दे असं मी कधी म्हणणार नाही. आणि मला माफ कर असंही म्हणत नाही.”

“मग काय म्हणतेस?”

“बरणी तुझ्याकडेच ठेव. सासूबाईंनी मला दिली, मी तुला दिली. भट्टी तुझी, गिऱ्हाईक तुझं. भरवसा नाही म्हणालीस ते बरोबरच आहे. मी संध्याकाळी मळायला खमीर मागायला येत जाईन. द्यायचं की नाही ते तू ठरव.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर नाही दिलंस.”

लेकीने दार लावलं नाही, पण आतही बोलावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली. आईशी कामापुरतंच बोलायची, आणि समोरच्या दाराकडे बघून थुंकायची. संध्याकाळी थोरली गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायची आणि लेकीच्या दारात उभी राहायची. कधी बरणी लगेच मिळे. कधी लेक आत भांडी घासत बसे, मुद्दाम, एकेक वाटी दोनदोनदा. थोरली उंबऱ्याबाहेर उभी राही, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेई, आणि हाक मारत नसे.